बाजरीचं घरचं बी, अरगट आणि गोसावी

प्रश्न : आमच्याकडे घरचं बाजरीचं बी आहे, सुधारित वाणाचं. गेल्या खरीपात काही कणसांतून मधासारखा चिकट रस गळत होता, नंतर काळे दाणे झाले, आणि काही ताटांना कणसाऐवजी हिरवी पानंच फुटली. मिठाच्या पाण्यात बी धुतलं की दोन्ही जातं असं गावात सांगतात. खरं आहे का? पेरणी दोन एकर.
– एक वाचक, शिंदखेडा तालुका

उत्तर : भाऊ, अर्धंच खरं आहे. चिकट रस आणि काळे दाणे म्हणजे अरगट रोग, पानं फुटलेलं कणीस म्हणजे गोसावी रोग, आणि मिठाचं पाणी फक्त अरगटावर चालतं.

१० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवा, बी टाकून हाताने ढवळा, अरगटाच्या काळ्या गाठी आणि पोचट दाणे वजनाला हलके म्हणून वर येतात ते काढून जाळा, गुरांना किंवा कोंबड्यांना अजिबात टाकू नका, विषारी असतात. खाली बसलेलं बी लगेच चांगल्या पाण्याने दोन-तीन वेळा धुवा, इथेच लोक घाई करतात आणि मीठ राहिलं की उगवण मार खाते. मग सावलीत सुकवा.

गोसावीसाठी सुकलेल्या बियाला मेटालॅक्झिल ३५ टक्के हे बुरशीनाशक, किलोला ६ ग्रॅम चोळायचं. एकरी दीड किलोने तुम्हाला ३ किलो बी लागेल, म्हणजे औषध १८ ग्रॅम. हातमोजे घाला. ॲझोस्पिरिलम हे जिवाणू खत लावायचं तर सगळ्यात शेवटी, किलोला २५ ग्रॅम, आणि लगेच पेरा. क्रम उलटा केला तर जिवाणूंचा काही उपयोग नाही.

पण औषध आणायच्या आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, चार-पाच दिवसांनी मोजा, ७५ च्या खाली उगवले तर ते बी पेरूच नका, मेलेलं बी औषधाने जिवंत होत नाही.

दुकानातलं पाकीट घेतलं तर लेबल वाचा, रंगीत बियाला प्रक्रिया आधीच केलेली असते, ते मिठात धुतलं तर औषधच निघून जाईल.

आणि एवढं करूनही फुलोऱ्यात ढगाळ, झिमझिम पाऊस राहिला तर अरगट शेजारच्या वावरातून येऊ शकतो. गोसावीचे बीजाणूही जमिनीत राहतात, म्हणून त्याच वावरात पुन्हा बाजरी घेऊ नका, यंदा तिथे मूग किंवा कपाशी घ्या, आणि गोसावीचं ताट दिसलं की उपटून जाळा.