तेल-तूप बंद केल्याने रक्तदाब कमी होतो का?

वडिलांचा रक्तदाब वाढल्यामुळे घरात तेल-तूप पूर्ण बंद केलंय, त्याचा उपयोग होईल का, असं तुम्ही विचारलंय. थोडा होईल, पण फक्त तेवढ्यावर थांबू नका.

मिठाने शरीरात पाणी धरून ठेवलं जातं आणि दाब वाढतो. स्निग्ध पदार्थांचं तसं नाही, ते आडवाटेने त्रास देतात. एका ग्रॅममागे ९ कॅलरी, म्हणजे पिष्टमय पदार्थांच्या दुपटीहून जास्त. त्यातून वजन वाढतं आणि वजनाबरोबर दाबही. वजन १ किलो उतरलं तर रक्तदाबाचा वरचा आकडा साधारण १ अंकाने उतरतो. दुसरं म्हणजे संपृक्त मेदाने, म्हणजे तूप-लोण्यात भरपूर असलेल्या, थंडीत गोठणाऱ्या स्निग्धांशाने वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि वर्षानुवर्षं रक्तवाहिन्या कडक होत जातात.

१९९७ साली अमेरिकेत 'डॅश' आहाराचा, म्हणजे रक्तदाब कमी करण्यासाठी आखलेल्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भरपूर फळं-भाज्या, कमी स्निग्धांशाचं दूध, संपृक्त मेद कमी, मीठ मात्र सगळ्यांना सारखंच. उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ११ अंकांनी खाली आला! हे श्रेय एकट्या मेदाचं नाही, पूर्ण ताटाचं आहे.

म्हणून तेल शून्यावर आणू नका. शरीराला ते लागतंच. तूप, लोणी, वनस्पती तूप कमी करा आणि त्याऐवजी द्रवरूप वनस्पती तेल बेताने वापरा. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा. आणि कळकळीने सांगते, आहार सुधारला म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका.