घरी बिअर बनवायची तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा आहे: सहा महिन्यांपूर्वी नोकरीनिमित्त अमेरिकेत आलो, ऑफिसातले दोघे-तिघे घरी बिअर बनवतात, ते पाहून आपणही करावी असं वाटतंय. किट घ्यावं का, प्यायला सुरक्षित असते का, आणि पुढे पुण्याला परतलो तर तिथेही हा छंद चालू ठेवता येईल का?

मी ऑरेगनमध्ये बीव्हर्टनला राहते. गेली नऊ वर्षं घराच्या तळघरात बिअर करते, वर्षातून आठ-दहा वेळा. जे करून कळलंय तेच सांगते.

पुण्याचं आधी सांगून टाकते. तिथे करू नका. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे, मग ते स्वतःपुरतं का असेना. पुण्यात 2009 पासून मायक्रोब्रुअरी आहेत, पण त्यांचा परवाना धंद्यासाठीचा असतो. अमेरिकेतही हे पूर्वीपासून मोकळं नव्हतं. 1933 साली इथली दारूबंदी उठली, तेव्हा घरी वाइन करायला मुभा मिळाली आणि बिअर राहून गेली. ती चूक दुरुस्त व्हायला 1978 उजाडलं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अध्यक्ष जिमी कार्टर यांनी विधेयकावर सही केली आणि पुढच्या फेब्रुवारीपासून घरच्या बिअरवरचा कर गेला. एक प्रौढ माणूस राहत असेल तर वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर घराला मिळून 200 गॅलन, म्हणजे साधारण 757 लिटर. विकायची मात्र नाही. राज्यांनी आपापले कायदे सावकाश बदलले, मिसिसिपी आणि अलाबामा तर थेट 2013 मध्ये. तुमच्या राज्याचे नियम एकदा वाचून घ्या.

आता सुरक्षिततेचं. मी पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा आईने लगेच विचारलं होतं, “विषारी तर होणार नाही ना गं?” तिच्या मनात 2015 सालची, मुंबईतल्या मालवणीच्या विषारी दारूची बातमी होती. तिथे शंभरावर माणसं गेली. ती मिथेनॉलने गेली, आणि मिथेनॉल आंबवलेल्या बार्लीतून तेवढं तयार होत नाही. आपण इथे काही गाळत नाही, उकळून वाफ धरत नाही, त्यामुळे काही साठून तीव्र होण्याचाही प्रश्न नाही. बिअर तासभर उकळलेली असते, तिच्यात हॉप्स, म्हणजे एका वेलाची कडवट, वासाची फळं असतात, ती आंबट असते आणि तिच्यात अल्कोहोल असतं. माणसाला आजारी पाडणारे जंतू अशा ठिकाणी तग धरत नाहीत. बिघडली तर आंबेल, वास मारेल, ओतून द्यावी लागेल, एवढंच. खरा धोका काचेच्या बाटलीचा आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

तुम्ही म्हणता की पुस्तकं वाचून गोंधळ उडाला. मला वाटतं, आपल्याकडच्या माणसाला हे उलट लवकर कळायला हवं, कारण यातलं जवळपास सगळं आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. बार्ली म्हणजे जव. जव भिजवायचे, मोड आणायचे, मग वाळवून हलके भाजायचे. झालं मॉल्ट. नाचणीला मोड आणून, सावलीत वाळवून, दळून सत्त्व करतात ना, तीच रीत. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात. मॉल्ट जाडसर भरडून 65 ते 67 अंशांच्या गरम पाण्यात तासभर झाकून ठेवलं की तेच एन्झाइम दाण्यातल्या पिठाची साखर करतात. सुरुवातीला चमचाभर चाखलं तर पेजेसारखं पिठूळ लागतं. तासाभराने चाखा, पातळ केलेल्या काकवीसारखं गोड. बशीत दोन थेंब घेऊन त्यावर आयोडीनचा एक थेंब टाकला तर आधी निळं-काळं होतं, पीठ संपलं की आयोडीन आहे तसंच तांबूस राहतं. हे मी आजही प्रत्येक वेळी पाहते. पन्नास-साठ वेळा पाहिलं असेल, तरी बशीवर वाकून बघतेच.

पण तुम्ही पहिल्या खेपेला हे सगळं करू नका. या टप्प्यापर्यंतचं काम करून, आटवून, पूड केलेलं मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट मिळतं, ते घ्या. आणि किट एक गॅलनचं घ्या. पाच गॅलनचं घ्या असं सांगणारे खूप भेटतील, कारण मेहनत तेवढीच आणि बाटल्या पन्नास. माझं मत वेगळं आहे. नवशिक्याला बाटल्यांपेक्षा खेपा जास्त हव्यात. एक गॅलन आपल्या नेहमीच्या शेगडीवर उकळतो, सिंकमध्ये बर्फात ठेवून वीस मिनिटांत गार होतो, आणि जमलं नाही तर दहा बाटल्यांचंच नुकसान. तीन महिन्यांत चार वेळा केलंत तर हात बसेल.

पहिल्यासाठी साधी पेल एल, म्हणजे फिकट रंगाची, एल जातीची बिअर करा. पाच लिटर पाणी घ्या, उकळताना आटून पावणेचार-चारवर येईल. 100 ग्रॅम क्रिस्टल मॉल्ट (रंग आणि गोडसर चव देणारं भाजलेलं मॉल्ट) मलमलच्या पुरचुंडीत बांधून 65-70 अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, चहासारखा रंग उतरेल. पुरचुंडी काढा, 500 ग्रॅम कोरडं एक्स्ट्रॅक्ट घाला, पण पातेलं आचेवरून उतरवून घाला, नाहीतर तळाला लागतं. मग उकळी आणा. उकळी फुटायच्या वेळी तिथून हलू नका. दूध उतू जातं तसं हे जातं, आणि शेगडीवर सांडलेला पाक खरवडायला फार वेळ लागतो. उकळी स्थिर झाली की कॅस्केड जातीचे 7 ग्रॅम हॉप्स घाला, कडवटपणासाठी. तासभर झाकण न ठेवता उकळा. शेवटची पाच मिनिटं राहिली की आणखी 7 ग्रॅम घाला, ते वासासाठी. आधी घातलेल्या हॉप्सचा वास वाफेबरोबर उडून जातो आणि कडूपणा उतरतो. शेवटी घातलेल्यांचा वास टिकतो. फोडणीत घातलेली कोथिंबीर आणि वरून पेरलेली कोथिंबीर यांत जो फरक, तोच हा.

नळाच्या पाण्याला क्लोरीनचा किंवा क्लोरामाइनचा हात लागलेला असतो. क्लोरामाइन असेल तर ते उकळून सहज जात नाही. त्यातून बिअरला औषधी चिकटपट्टीसारखा वास येतो. बिअरच्या सामानाच्या दुकानात ते घालवणाऱ्या कॅम्पडेनच्या गोळ्या मिळतात, पाच गॅलनला पाव गोळी पुरते. एका गॅलनला तिचा चिमूटभर चुरा टाका आणि विसरा.

इथवरचं काम चार तासांत उरकतं आणि त्यात फारसं बिघडत नाही. बिअर बनते ती गार पाणी बरणीत ओतून यीस्ट घातल्यानंतरच्या पाच-सहा दिवसांत, आणि माझं सगळं सांगणं त्या दिवसांबद्दल आहे. नवा माणूस रेसिपी शोधत बसतो, हॉप्सच्या जाती वाचतो, महागडं भांडं घेतो, आणि यीस्ट घातल्यावर बरणी कुठेतरी कोपऱ्यात ठेवून देतो. दूध आपण तापवतो, दही विरजण लावतं. विरजणाला जपायचं असतं.

माझी पहिली खेप ऑगस्टमधली होती. बाहेर 35 अंश, घरात 27. बरणी ओट्यावर ठेवली, कारण बुडबुडे दिसत राहावेत असं वाटत होतं. रात्रीत फेस बरणीच्या गळ्यापर्यंत आला, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारं, हवा आत न घेणारं बूच) एकसारखा बुडबुडत होता, आणि मी आनंदाने सगळ्यांना व्हिडिओ पाठवले. दोन दिवसांत सगळं शांत. तीन आठवड्यांनी बाटली उघडली तर अतिपिकलेल्या केळ्याचा वास, त्यामागे नेलपॉलिशचा, आणि घोट घशाखाली जाताना चटका. मला वाटलं हॉप्स जुने होते. दुसऱ्या वेळी वेगळे हॉप्स आणले, तोच वास. मग दुकानातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी एकच प्रश्न विचारला, “पहिल्या तीन दिवसांत बरणी किती गरम होती?” मी खोलीचं तापमान सांगितलं. ते म्हणाले, “खोलीचं नाही, बरणीचं.”

यीस्ट साखर खाताना उष्णता सोडतं, त्यामुळे बरणीच्या आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंश जास्त असतं. एलच्या यीस्टला 18 ते 20 अंश मानवतं. 27 अंशांच्या खोलीत माझं यीस्ट तिशीला जाऊन पळत सुटलं होतं, आणि पळताना त्याने ते जड अल्कोहोल आणि फळांचे वास सोडले होते. डोशाचं पीठ मे महिन्यात रात्रभर बाहेर राहिलं तर कसं होतं, ते तुम्ही पाहिलं असेलच.

तेव्हापासून मी जे करते ते कुणालाही जमेल. मोठ्या टबात बरणीच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी, त्यात बरणी. बरणीभोवती जुना सुती पंचा, त्याचं टोक पाण्यात बुडलेलं. पंचा पाणी वर ओढत राहतो, पाणी सुकत राहतं आणि बरणी गार राहते. आजी उन्हाळ्यात माठाला ओलं फडकं गुंडाळायची, तसंच. फारच उकडत असेल तर सकाळ-संध्याकाळ पाण्यात बर्फाची एक बाटली. बरणीला चिकटवायची तापमानपट्टी दोन-तीन डॉलरला मिळते. ती पहिल्या चार दिवसांत दिवसातून दोनदा बघा. नंतर 21-22 झालं तरी चालतं, उलट शेवटी थोडी ऊब मिळाली की यीस्ट आपलं उरलेलं काम नीट संपवतं. यीस्टची 11.5 ग्रॅमची पुडी पाच गॅलनसाठी असते, एका गॅलनला निम्म्याहूनही कमी पुरते. आणि वर्ट, म्हणजे ते उकळलेलं गोड पाणी, 20 अंशांवर आल्याशिवाय यीस्ट घालू नका.

स्वच्छतेबद्दल मी आईच्या लोणच्याच्या बरणीपलीकडे काही सांगू शकत नाही. धुतलेली, कोरडी, उन्हात तापवलेली बरणी, आणि ओला हात लावायचा नाही. इथे उन्हाऐवजी न विसळता चालणारं आम्लयुक्त निर्जंतुक द्रावण वापरतात. उकळी बंद झाल्यावर जे जे वर्टला लागेल, म्हणजे बरणी, नळी, चमचा, थर्मामीटर, यीस्टच्या पुडीची कात्री, ते सगळं त्यात बुडवा. फेस राहिला तर राहू द्या, धुवायला जाऊ नका.

बाटल्यांची घाई करू नका. दोन आठवडे थांबा आणि मग हायड्रोमीटरने, म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता दाखवणाऱ्या तरंगत्या काचेच्या नळीने मोजा. सुरुवातीला 1.048 च्या आसपास असेल, शेवटी 1.012 च्या जवळ यायला हवं. तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजून आकडा तोच आला तरच भरा. दोन आकड्यांतल्या फरकाला 131 ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी निघते, इथे पावणेपाचच्या आसपास. दुसऱ्या वर्षी पाहुणे येणार म्हणून मी न मोजता भरली. यीस्टचं काम अर्धवट होतं, वर मी फसफशीसाठी साखर घातलेली. एका रात्री तळघरात आवाज झाला, सकाळी पाहिलं तर दोन बाटल्या फुटलेल्या आणि एक काच समोरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात रुतलेली. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती आणि दिवसभर तिथे खेळायची. त्यानंतर मी बाटल्या झाकणाच्या खोक्यातच ठेवते आणि मोजल्याशिवाय एकही भरत नाही. साखर लिटरला 6 ग्रॅम, वजनकाट्यावर. चमच्याने नाही. बाटल्या तपकिरीच घ्या, हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून उजेड गेला की हॉप्समधलं द्रव्य मोडतं आणि उग्र घाण वास येतो.

कॅस्केड सांगितलं त्याला एक कारण आहे. ही जात आमच्याच राज्यात, कॉर्व्हॅलिसला तयार झाली आणि 1972 मध्ये शेतकऱ्यांना दिली गेली. माझ्या मागच्या कुंपणावर तिचा एक वेल आहे. ऑगस्टच्या शेवटी त्याला कागदी कळ्यांसारखी हलकी फळं लटकतात. एक तोडून तळहातावर चोळली की आतून पिवळी भुकटी निघते, हळदीसारखी बोटांना चिकटते, आणि हाताला पपनसाच्या सालीचा वास येतो. त्या दिवशी तोडलेले ओले हॉप्स त्याच दिवशी पातेल्यात पडायला हवेत, कोरड्यांच्या चार-पाच पट लागतात. आमच्याकडे त्या एका दिवशी सगळं घर कुंपणाशी उभं असतं.

बाटल्या भरल्यावर दोन आठवडे खोलीतच ठेवा, फ्रीजमध्ये नाही, नाहीतर फेस येणार नाही. मग एक फ्रीजमध्ये दोन दिवस उभी ठेवा. तळाशी यीस्टचा पातळ थर बसेल. ग्लास तिरका धरून एकाच धारेत ओता, मध्ये बाटली सरळ करू नका, आणि शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या. बाटली लगेच विसळा, वाळल्यावर तो थर निघत नाही. चव कशी लागली ते इथे लिहा, आणि केळ्याचा वास आला तर पट्टीवर काय तापमान होतं तेही.