वाचकांचे प्रश्न : चर्चच्या शाळेचं खरं वय

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या खेड्यांत चर्चनं चालवलेल्या माध्यमिक शाळा आहेत. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी सध्या स्मरणिका काढायची, इतिहास लिहायचा खटाटोप चालू आहे. त्याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं या वेळी देत आहोत.

प्रश्न : आमच्या मंडळीची (चर्चची) शाळा वाळवा तालुक्यात आहे. अमृतमहोत्सव करायचं ठरतंय, पण वर्षच ठरेना. वडीलधारे म्हणतात शाळा शंभर वर्षांपलीकडची. मुख्याध्यापकांकडचं मान्यतापत्र स्वातंत्र्यानंतरचं आहे. माजी विद्यार्थी पहिल्या मॅट्रिकच्या तुकडीपासून मोजतात. कुणाचं धरायचं?

उत्तर : तिघंही खरं सांगताहेत, फक्त तीन वेगवेगळ्या शाळांबद्दल. खेड्यातली चर्चची माध्यमिक शाळा एका दिवसात उघडलेली नसते. आधी असते ती एका मास्तरची शाळा. मास्तर बहुधा प्रचारकही असायचे. आठवडाभर वर्ग आणि रविवारी त्याच खोलीत उपासना. मराठी चौथीच्या पुढे ही शाळा क्वचितच जायची. त्यानंतर मराठी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल. 'फायनल' झालेल्या मुलाला मास्तरकी मिळायची, म्हणून मिशनच्या शाळांना या परीक्षेचं मोल फार. मग इंग्रजीचे वर्ग आणि सगळ्यांत शेवटी मॅट्रिकपर्यंतचं हायस्कूल.

खरा घोळ होतो इयत्तांच्या नावांत. मुंबई इलाख्यात मराठी चौथीनंतर इंग्रजी पहिली लागायची आणि इंग्रजी सातवीला मॅट्रिक. इंग्रजी इयत्तेत चार मिळवा, आजची इयत्ता येते. म्हणजे इंग्रजी पहिली ही पाचवी, इंग्रजी चौथी ही आठवी आणि इंग्रजी सातवी ही जुनी अकरावी. वहीत नुसतं 'इ. ४ थी' लिहिलेलं असेल तर ती मराठी की इंग्रजी हे मुलाच्या वयावरून ठरवू नका, कारण खेड्यात मुलं उशिरा शाळेत यायची. फीची वही आणि विषयांची नावं पाहा. बीजगणित-भूमिती दिसली की ती इंग्रजी चौथी समजा. इंग्रजी तिसरीपर्यंतच थांबलेली शाळा 'ए. व्ही.' (अँग्लो-व्हर्नाक्युलर) स्कूल किंवा मिडल स्कूल म्हणवली जायची. ती अजून हायस्कूल झालेली नसायची.

आमचं मत असं : महोत्सव माध्यमिक शाळेचा असेल, तर आजच्या आठवीचा वर्ग मान्यतेनिशी ज्या जूनमध्ये पहिल्यांदा भरला ते वर्ष धरा. मान्यतापत्राच्या माथ्यावरची तारीख धरू नका. पत्र अनेकदा वर्ग सुरू झाल्यावर काही महिन्यांनी, कधी वर्षानं हातात पडायचं. मान्यता कुठल्या जूनपासून दिली हे मजकुरात लिहिलेलं असतं, ते वाचा. गावातल्या पहिल्या शाळेचं वर्ष इतिहासात जरूर द्या, पण 'प्राथमिक शाळेची सुरुवात' म्हणून. दोन्ही एकत्र करून निमंत्रणपत्रिकेवर 'शतकमहोत्सवी हायस्कूल' छापलंत, तर उद्या एखादा माजी विद्यार्थी जुना दाखला घेऊन समोर उभा राहील.

जुन्या निकालफलकावर आणखी एक गंमत आढळेल. १९४९ पासून विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या जागी एस. एस. सी. आली. पुढे १०+२+३ चा आकृतिबंध आला आणि १९७५ साली जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली अशा दोन्ही तुकड्या बसल्या. त्या वर्षी उत्तीर्णांची संख्या एकदम फुगलेली दिसते. ती शाळेची प्रगती म्हणून मिरवू नये.

प्रश्न : मिशन गेल्यावर जुने कागद कुठे गेले? शिक्षण विभागात विचारलं तर 'आमच्याकडे काही नाही' म्हणतात. (जत)

उत्तर : आधी दोन गोष्टी ठरवा. गाव त्या काळी कोणाच्या हद्दीत होतं आणि मिशन कुठलं होतं. त्याशिवाय विचारायला गेलात तर हेच उत्तर मिळणार.

आजचा सांगली जिल्हा १ ऑगस्ट १९४९ ला दक्षिण सातारा म्हणून झाला. त्याला सांगली हे नाव मिळालं २१ नोव्हेंबर १९६० ला. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हा भाग त्याआधी ब्रिटिश सातारा जिल्ह्यात होता, म्हणून १९४९ पूर्वीच्या तिथल्या शाळांचा पत्रव्यवहार साताऱ्याच्या नावानं सापडतो. सांगली, मिरज आणि जत ही संस्थानं होती, तर आटपाडी आणि कुंडल औंध संस्थानात. संस्थानांचं शिक्षण खातं वेगळं, अनुदानाचे नियम वेगळे. तुमची शाळा जत संस्थानातली असेल, तर मुंबई सरकारच्या अहवालांत तिचं नाव न सापडणं साहजिक आहे. विलीनीकरणाच्या आधीचे कागद संस्थानी दप्तरात शोधा. त्यासाठी कोल्हापूर आणि पुणे इथल्या पुराभिलेखागारांपासून सुरुवात करा.

आता मिशन. सातारा आणि वाई हे अमेरिकन मराठी मिशनचं क्षेत्र. त्यांचं मूळ मंडळ बोस्टनचं, आणि त्याचे कागद आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. कोल्हापूर, सांगली, मिरज इकडे प्रेस्बिटेरियन मिशन. कोल्हापूरचं काम रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये सुरू केलं आणि १८७० मध्ये ते प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलं. या मिशनचे कागद फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. तिथल्या ग्रंथपालांना ईमेल करायची असेल तर गावाचं नाव इंग्रजीत जुन्या स्पेलिंगनं लिहा आणि सलग पाच-सात वर्षांचाच काळ मागा. 'आमच्या शाळेचं सगळं पाठवा' असं लिहिलं तर हाती काही लागत नाही.

त्याआधी घरचा झरा उपसा. १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेल्या 'ज्ञानोदय'च्या जुन्या अंकांत शाळांच्या तपासण्या, बक्षीस समारंभ आणि मास्तरांच्या बदल्या यांच्या बातम्या मिळतात. आणि चर्चचं दप्तर तपासताना नाव बदललेलं लक्षात ठेवा. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र येऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. एकाच शाळेची फाइल मिशन, चर्च कौन्सिल आणि धर्मप्रांत अशा तीन नावांखाली तीन कपाटांत असू शकते.

प्रश्न : शाळा कशी वाढली हे आकड्यांत दाखवायचं आहे. जनरल रजिस्टरचा शेवटचा नंबर ६,००० च्या पुढे आहे. म्हणजे एवढी मुलं शिकली असं लिहिलं तर चालेल?

उत्तर : नाही चालणार. रजिस्टर नंबर म्हणजे प्रवेशांची नोंद. सोडून गेलेला मुलगा दोन वर्षांनी परत आला आणि त्याला नवा नंबर दिला, तर एकच मुलगा दोनदा मोजला जातो. काही शाळांनी प्राथमिक वर्ग वेगळे झाले तेव्हा एकपासून नवी मालिका लावली. तिथे उलट होतं, जुनी मुलं मोजणीतून गळतात. पहिलं रजिस्टर कुठल्या नंबरनं सुरू होतं ते आधी पाहा. सुरुवातच ३०० च्या पुढून असेल तर त्यामागची एक वही हरवलेली आहे, हे लक्षात घ्या.

वाढ मोजायची ती हजेरीच्या कॅटलॉगवरून. दर पाचव्या वर्षाचे कॅटलॉग काढा आणि प्रत्येक वर्गाचा सप्टेंबरअखेरचा पट लिहा. जूनचा घेऊ नका, तेव्हा प्रवेश चालू असतात. दिवाळीनंतरचा घेतलात तर सुगीला आणि रोजगाराला गेलेली मुलं गळालेली असतात. आजही पटासाठी ३० सप्टेंबरचाच दिवस धरण्याची पद्धत रुळली आहे, म्हणजे जुने-नवे आकडे शेजारी ठेवता येतात. मुलगे-मुली वेगळे आणि बोर्डिंगची मुलं वेगळी लिहा. पाचवीचा पट ६० आणि दहावीचा १५ असेल, तर शाळेचा खरा इतिहास त्या ४५ मुलांत आहे.

ती ४५ का गेली, हे जनरल रजिस्टरच सांगतं. त्यात 'शाळा सोडल्याचे कारण' असा रकाना असतो. बहुतेक ओळींत 'पुढील शिक्षणासाठी' किंवा 'सतत गैरहजर' एवढंच दिसेल. पण माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यात १९७२-७३ ची पानं सावकाश वाचा. महिन्याभरात एकाच गावची दहा-बारा नावं कमी झाली असतील, तर समजा की घरं दुष्काळी कामांवर गेली. प्लेगच्या वर्षांत शाळा महिनेच्या महिने बंद असायच्या. तिथे दोन नोंदींमधली रिकामी तारीख हाच पुरावा. कऱ्हाड-पाटणकडच्या शाळांनी ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतरचं शेरेबुक आणि खर्चाची वही पाहावी. भिंती पुन्हा बांधल्या असतील तर इमारतीच्या दगडावरचं साल आणि उभ्या भिंतीचं वय जुळणार नाही.

जन्मतारखांवर मात्र भिस्त ठेवू नका. निम्म्या गावाचा जन्म १ जूनला झालेला दिसेल. शाळा जूनला उघडायची आणि मास्तर अंदाजानं तारीख टाकायचे!

एका ओळीचं मोल किती असतं, याचं उदाहरण साताऱ्यातच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ७ नोव्हेंबर १९०० चा शाळाप्रवेश रजिस्टरच्या एका नोंदीवरून कळतो, आणि त्याच दिवशी आता राज्यभर विद्यार्थी दिवस पाळला जातो.

प्रश्न : संस्थापक म्हणून कोणाचं नाव लावावं? काहींना मिशनरी साहेबांचं हवंय, काहींना नकोय. (वाई)

उत्तर : वर्ग उघडायची परवानगी आणि पैसे कोणी दिले, जागा कोणी दिली, पहिल्या वर्गावर कोण उभं राहिलं, ही तीन नावं वेगवेगळी लिहा. मिशनरी साहेब बहुधा मिशनच्या मुख्य ठाण्यावर राहायचे आणि वर्षातून काही वेळा येऊन जायचे. रोज शिकवणारे मास्तर मराठी होते, मुलींना घरोघरून आणणाऱ्या बायका मराठी होत्या, आणि त्यांची नावं पगारपत्रकाशिवाय कुठंच सापडत नाहीत. पगारपत्रक मिळालं तर ते आधी उतरवून घ्या.

आजूबाजूचंही लिहा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यात काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली आणि १९४० मध्ये तिचं पहिलं हायस्कूल सुरू झालं. रयतच्या शाळा खेड्यापाड्यांत पोचल्यावर चर्चच्या शाळांचा पट, फी, बोर्डिंगची गरज, सगळंच बदललं. हे वगळून लिहिलेला इतिहास लंगडा राहतो.

प्रश्न : शाळेची जमीन मिशनला कोणी दिली ते कळत नाही. सातबाऱ्यावर फक्त ट्रस्टचं नाव आहे.

उत्तर : आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर आहे, दान दिलं तेव्हा सर्व्हे नंबर होता. मध्ये जमिनीच्या तुकड्यांचे गट करणारी एकत्रीकरण योजना होऊन गेली. आधी तलाठी किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून जुना सर्व्हे नंबर कुठला ते दाखवणारा उतारा घ्या. मग सातबाऱ्यावरच्या फेरफार क्रमांकांना धरून एकेक मागे जा. प्रत्येक फेरफारात आधीचा धारक आणि हस्तांतराचं कारण लिहिलेलं असतं : खरेदी, बक्षीसपत्र की सरकारी कब्जेहक्क. फार जुने फेरफार मोडी लिपीत असतात. वाचणारा माणूस बरोबर न्या. शेवटी धर्मादाय आयुक्त कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीशी (परिशिष्ट १) मिळवून पाहा. दोन्हीकडचं क्षेत्र जुळत नसेल तर ते स्मरणिकेत छापायच्या आधी वकिलाला दाखवा.

प्रश्न : जुन्या रजिस्टरात मुलांच्या जाती लिहिल्या आहेत. पानांचे फोटो स्मरणिकेत द्यावेत का?

उत्तर : देऊ नका. घरंच्या घरं अजून गावात आहेत. 'हिंदी ख्रिस्ती' या एका शब्दाशेजारी आधीची जात लिहिलेली असते, आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्यांचा अनुसूचित जातीचा दर्जा जात असल्यामुळे त्या रकान्याशी आजही दाखले आणि पडताळणी जोडलेली आहे. वर्षवार बेरीज द्या, नावं नकोत. आणि मूळ रजिस्टरात कोणीही, कितीही आग्रह केला तरी, पेनचा ठिपकाही लावू देऊ नका. दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीनंच होते.

प्रश्न : रजिस्टरला वाळवी आणि कसर लागली आहे. लॅमिनेशन करून घेऊ का?

उत्तर : अजिबात नको. लॅमिनेशन उष्णतेनं चिकटतं आणि पुन्हा निघत नाही. सेलोटेपही नको, काही वर्षांत त्याचा डिंक पिवळा पडून अक्षरं खातो. वही उन्हातही टाकू नका, शाई उडते आणि कागद तडकतो. सावलीत, वाऱ्याला, पानं हलकी उघडून दोन-तीन दिवस ठेवा. मऊ ब्रशनं शिवणीतली धूळ बाहेरच्या बाजूला झाडा. वाळवीची माती ओली असेल तर आधी वाळू द्या. ओली खरवडली तर कागदही येतो.

दुरुस्तीच्या आधी फोटो काढून घ्या. खिडकीशेजारी टेबल, फ्लॅश बंद, मोबाइल वरून सरळ धरलेला. एक जण पान उलटतो, दुसरा फोटो काढतो. पहिल्या फोटोत वहीचं कव्हर आणि शेजारी पट्टी ठेवा. दर पन्नास पानांनी थांबून मागचे फोटो मोठे करून पाहा. हललेला फोटो घरी गेल्यावर कळला तर उपयोग नाही. कोरी पानंही सोडू नका, नाहीतर पुढे कोणीतरी 'पान गायब आहे' म्हणेल. फाटलेली पानं पातळ टिश्यू कागद आणि गव्हाच्या खळीनं जोडतात, पण ते काम पुराभिलेखागारातल्या जाणकाराकडून करून घ्या. वही परत लोखंडी कपाटात ठेवाल तेव्हा भिंतीपासून वीतभर आणि जमिनीपासून फूटभर अंतर सोडा. डांबरगोळ्या कागदाला टेकू न देता कापडी पुरचुंडीत टांगा आणि पावसाळ्याआधी बदला.