जुनी डिझेल डिलिव्हरी व्हॅन सायनच्या ट्रॅफिकमध्ये गरम होते, हायवेवर ठीक चालते. इंजिन उघडावं लागेल का?

बहुधा नाही, आधी फॅन तपासा. हायवेवर वारा आपोआप रेडिएटरमधून जातो. सायनच्या रांगेत तो फॅनलाच ओढावा लागतो. फक्त तिथेच तापमानाचा काटा चढत असेल तर बहुतेक वेळा फॅनचा पट्टा सैल किंवा फॅन क्लच (इंजिनाची फिरकी फॅनला देणारा भाग) कमजोर निघतो. कुर्ल्यात अशाच गाड्या दुरुस्त करतो, त्यावरून सांगतोय. भरल्या गाडीने चढावर तापली असती तर मी रेडिएटर चोक, म्हणजे आतून तुंबलेला, म्हटलं असतं. साधं पाणी घालत राहिलं की आत गंज बसतोच, कूलंट घाला. मात्र कुठे गळती नसताना पाणी कमी होत असेल आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) संशय धरा आणि गाडी टो करूनच न्या. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका.