पॉलिसी लातूरच्या कपाटात, मुलगी पुण्यात

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. करून साडेतीन वर्षांपासून पुण्यात एमपीएससीची तयारी करते. दोनदा पूर्व निघाली, मुख्यला अडकली. येत्या जूनमध्ये तिला २५ पूर्ण होतील आणि २०१४ पासून न चुकता चालू ठेवलेल्या आमच्या ५ लाखांच्या फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच आरोग्य विमा) पॉलिसीतून तिचं नाव निघेल. एजंट म्हणतात, तिच्या नावाने नवी पॉलिसी काढू, पण २०१९ पासून तिला दमा आहे तो फॉर्मवर लिहू नका, प्रीमियम वाढेल. पुढे स्थळं बघायची आहेत, त्यामुळे आम्हालाही ते बरं वाटतं. डिसेंबरात ती दोन दिवस अ‍ॅडमिट होती. २८ हजार मैत्रिणींकडून उसने घेतले, आम्हाला महिन्याने कळलं. प्रीमियम चढू नये म्हणून क्लेम केला नाही. रागाच्या भरात मी बोललो, आधीच नापास, त्यात हा खर्च. विम्यासाठी तरी तिने आता मिळेल ती नोकरी धरावी का? – एक पालक, लातूर

उत्तर : नोकरीचं नंतर बघू. पोरीला श्वास लागला, सलाईन लागलं, आणि तिने बापाला फोन करायचा सोडून अभ्यासिकेतल्या पोरींपुढे हात पसरला. का, ते तुम्हीच लिहिलंय. आजारपण हासुद्धा निकालासारखाच आपला गुन्हा आहे असं तिला वाटायला लागलंय. तुम्ही बोललात ते डिसेंबरानंतर, पण त्या सुराची तिला आधीपासून कल्पना असणार, नाहीतर महिनाभर कोण लपवतं?

आणि यातली खरी चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. डिसेंबरात ती तुमच्या पॉलिसीत होती. ५ लाखांचं संरक्षण चालू असताना तिने २८ हजार उसने घेतले. पॉलिसी लातूरच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, आणि मुलगी पुण्यात. तिच्या मोबाईलमध्ये विम्याच्या कार्डाचा फोटो तरी आहे का? पॉलिसी क्रमांक, टीपीएचा (कंपनीतर्फे क्लेम हाताळणाऱ्या संस्थेचा) फोन नंबर, कॅशलेस रुग्णालयांची यादी? नसेल तर हे वाचून झाल्यावर आधी ते पाठवा.

क्लेम केला की पॉलिसी 'खराब होते', ही समजूत मी इतक्या घरांतून ऐकते की आता तिचा कंटाळा आलाय. एखाद्याने क्लेम केला म्हणून नूतनीकरणाला त्याच्या एकट्याचा प्रीमियम चढवता येत नाही, आणि त्या कारणावरून नूतनीकरण नाकारताही येत नाही. क्लेम नसलेल्या वर्षांचा बोनस साठला असेल तर तो थोडा उतरतो, इतकंच. प्रीमियम वाढतो तो वयाचा टप्पा ओलांडला की, किंवा कंपनीने त्या योजनेतल्या सगळ्यांचेच दर वाढवले की. बारा वर्षं हप्ते भरायचे आणि वेळ आली की वापरायचं नाही, याला काटकसर म्हणत नाहीत. डिस्चार्ज कार्ड, बिलं, औषधांच्या पावत्या गोळा करा आणि उशिराचं कारण लिहून तो क्लेम अजूनही पाठवून बघा. मुदत टळली आहे, मंजुरीची खात्री नाही, पण केवळ उशीर झाला म्हणून खरा क्लेम फेटाळू नये, असं विमा नियामकाने कंपन्यांना सांगितलेलं आहे.

आता एजंटसाहेबांचा सल्ला. दमा लिहू नका म्हणे. उद्या पुन्हा अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली तर डॉक्टर केसपेपरवर पहिल्याच ओळीत लिहिणार, 'दम्याची जुनी रुग्ण, २०१९ पासून'. क्लेमसोबत कंपनीकडे नेमका तोच कागद जातो. मग क्लेम नामंजूर, कदाचित पॉलिसीही रद्द. तेव्हा एजंट फोन उचलतीलच असं नाही. सही मात्र तुमच्या मुलीची असेल.

शिवाय नवी पॉलिसी हवीच कशाला? तुमची पॉलिसी २०१४ ची, दमा निघाला २०१९ मध्ये. म्हणजे या पॉलिसीच्या हिशेबात तो 'आधीपासूनचा आजार' नाहीच. २५ पूर्ण झाल्यावर तिला त्याच कंपनीत स्वतंत्र पॉलिसीत स्थलांतर मागता येतं, आणि ५ लाखांपर्यंत इतक्या वर्षांचं सातत्य तिच्यासोबत जातं. हे सोडून कोरी पॉलिसी काढणं म्हणजे रांगेत खिडकीपाशी पोचलेल्या माणसाने पुन्हा शेपटाला जाऊन उभं राहणं. तिथे आधीच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंतची प्रतीक्षा, म्हणजे त्यांचा क्लेम न मिळण्याचा काळ, नव्याने सुरू होईल. पाच वर्षं सलग चाललेल्या पॉलिसीवर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, कंपनीला माहिती लपवल्याचा आक्षेप घेता येत नाही. तो पाच वर्षांचा काळही पुन्हा पहिल्यापासून मोजला जाईल. तेव्हा नूतनीकरणाच्या निदान दीड-दोन महिने आधी कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचं असेल तरी तयारी तेवढीच आधी, पण तिथे नवी कंपनी नाकारूही शकते.

तुम्ही जोडलेल्या कोटेशनच्या फोटोत १८ टक्के जीएसटी लावलेला दिसतो. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. एजंटना विचारा, हे पैसे कुणाचे?

स्वस्तातलं म्हणाल तर पॉलिसी घेताना खोलीभाड्याची अट बघा. ३ लाखांची पॉलिसी आणि रोजच्या खोलीला १ टक्का, म्हणजे ३ हजारांची मर्यादा असेल आणि तुम्ही ६ हजारांची खोली घेतली, तर नुसतं खोलीभाडंच नाही, डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचा खर्च असल्या बाबीही निम्म्या कापल्या जाऊ शकतात. पुण्यात ही अट चांगलीच महागात पडते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्या कुटुंबांनाही वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत. रेशनकार्डावर तिचं नाव आहे ना, बघा आणि आयुष्मान कार्ड काढून घ्या. ठरलेल्या यादीतले उपचार आणि योजनेतली रुग्णालयं, एवढीच तिची हद्द. बँकेतून वर्षाला २० रुपये कापतात ती सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यू आणि अपंगत्वासाठी आहे. दम्याच्या बिलाला तिचा उपयोग नाही.

नोकरीचं विचाराल तर विम्यासाठी नोकरी धरू नये. पण साडेतीन वर्षांनंतर नोकरी करत अभ्यास करण्यात कमीपणा काहीच नाही, आणि तिला तसं हवं असेल तर हवं म्हणू द्या. पगार २१ हजारांपर्यंत आणि आस्थापना ईएसआयसीखाली (कर्मचारी राज्य विमा) असेल तर तिच्या पगारातून पाऊण टक्का कापून उपचारांची सोय होते. परीक्षेचं थोडक्यात : राज्यसेवा मुख्य आता वर्णनात्मक आहे, सोबत गट ब, गट कच्या संयुक्त परीक्षा द्याव्यात. 'सरकारी नोकरी लागली की सगळं फुकट' हे मात्र डोक्यातून काढा. राज्य कर्मचाऱ्याला मिळते ती खर्चाची प्रतिपूर्ती, म्हणजे बहुधा आधी खिशातून भरा आणि मग फाईलच्या मागे फिरा.

आणि ते स्थळांचं. विम्याचा प्रस्ताव अर्ज कुणी सोयरिकीच्या बैठकीत वाचत नाही. इनहेलर पर्समध्ये ठेवणारी मुलगी लग्नानंतर तो कुठे लपवणार आहे? दमा आटोक्यात ठेवून माणसं नोकऱ्या करतात, संसार करतात. त्यापेक्षा ती बसते ती अभ्यासिका कशी आहे, हे जाऊन बघा. कोंदट, भिंतीला ओल, खिडक्या बंद अशी असेल तर जागा बदलण्यासाठी हजार-पाचशे जास्त द्या. तो खर्च मी क्लासच्या फीआधी करेन.

मुलगी २४ वर्षांची आहे आणि या सगळ्या पत्रात तिचं एकही वाक्य नाही. स्थलांतराचा अर्ज तिलाच भरू द्या, दम्याच्या रकान्यासकट. पुढे काय करायचं हा प्रश्नही तिनेच मला लिहावा, मग तिला सविस्तर उत्तर देईन. पण त्या पत्रासाठी अर्ज थांबवू नका, जून जवळ आलाय.