रोजच्या पाच गोळ्यांनी लिव्हर खराब होतं का?

प्रश्न: वय ५६. मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन, ॲटोर्वास्टॅटिन आणि पँटोप्रॅझोल अशा पाच गोळ्या रोज चालू आहेत. एवढ्या गोळ्या पचवून लिव्हरवर ताण येत नसेल का? यावेळी एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) ५८ आला (रिपोर्टवर मर्यादा ४० लिहिली आहे). लिव्हर टॉनिक सुरू करू का?

उत्तर:

मी फार्मसीच्या मुलांना औषधशास्त्र शिकवते. डॉक्टर नाही, त्यामुळे कुठली गोळी चालू ठेवायची आणि कुठली नाही यात मी पडणार नाही. पण ‘एवढ्या गोळ्या’ हा जो तुमचा धसका आहे, त्याबद्दल नक्की बोलू शकते. लिव्हर गोळ्या मोजत बसत नाही. कुठलं औषध कुठल्या वाटेने जातं आणि त्याच वाटेवर आणखी कोण आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

तुमचीच यादी घ्या. मेटफॉर्मिनचं गंमतशीर आहे. ते साखर उतरवतं ते मुख्यतः लिव्हरचं ग्लुकोज बनवणं कमी करून, पण लिव्हर मात्र त्याला हातही लावत नाही. जसं पोटात गेलं तसंच लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणून मेटफॉर्मिन चालू असलेल्यांची किडनी तपासत राहतात आणि ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) ३० च्या खाली गेला की ते बंद करतात. म्हणजे पाचातली एक गोळी या हिशेबातून गेलीच.

टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी. तिला लिव्हर ग्लुकुरोनिक ॲसिड नावाचा साखरेसारखा पदार्थ जोडतं आणि पित्तातून आतड्यात सोडून देतं. पित्ताची वाट तुंबलेली असेल तर ही गोळी चालत नाही, एरवी फारसा त्रास नाही.

पँटोप्रॅझोल लिव्हर इतक्या भराभर निकालात काढतं की तासाभरात रक्तातलं निम्मं संपतं. मग ॲसिडिटी दिवसभर कशी आटोक्यात राहते? जठरात आम्ल सोडणारे जे पंप असतात त्यांना ते कायमचं चिकटतं. औषध गेलं तरी ते पंप बंदच राहतात, शरीराला नवे तयार करावे लागतात. ही गोळी जेवणाआधी घ्यायला सांगतात तीही त्यामुळेच: जेवताना पंप चालू होतात आणि चालू पंपालाच ती चिकटते.

ॲम्लोडिपिन, हीही बीपीचीच गोळी, याच्या अगदी उलट. लिव्हर ते सावकाश मोडतं, रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला ३० ते ५० तास लागतात. लिव्हर खरोखरच आजारी असेल, म्हणजे सिरॉसिस वगैरे, तर ते आणखी रेंगाळतं आणि डोस कमी ठेवावा लागतो.

राहिलं ॲटोर्वास्टॅटिन, ज्याला लोक सगळ्यात जास्त घाबरतात. आतड्यातून शोषलेलं औषध आधी पोर्टल शिरेतून थेट लिव्हरमध्ये जातं आणि मग बाकीच्या शरीरात. काही औषधांचा या पहिल्याच फेरीत निकाल लागतो. छातीत दुखू लागलं की नायट्रोग्लिसरीनची गोळी जिभेखाली ठेवतात ती ही फेरी चुकवण्यासाठी. ॲटोर्वास्टॅटिनचंही मूळ रूपात जेमतेम १४ टक्के पुढे जातं. पण त्याचं काही बिघडत नाही, कारण कोलेस्टेरॉल बनवणारं ज्याचं एन्झाइम त्याला अडवायचं असतं, ते लिव्हर हेच त्याचं कामाचं ठिकाण.

आता खरी काळजी कशाची करायची ते सांगते. ॲम्लोडिपिन आणि ॲटोर्वास्टॅटिन ही दोन्ही सीवायपी३ए४ या एकाच एन्झाइमकडून मोडली जातात. वापरातल्या निम्म्याच्या आसपास औषधांचं काम याच खिडकीवर होतं. तुमच्या डोसला त्याने काही फरक पडत नाही. पण उद्या घसा धरला आणि कुणी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं, किंवा बुरशीसाठी इट्राकोनॅझोल, तर ती औषधं ही खिडकीच बंद करतात. तुमच्या गोळ्या त्याच, डोसही तोच, पण रक्तातलं प्रमाण चढत जातं. मग बीपी उतरतं, पाय सुजतात, स्नायू दुखू लागतात. लघवी तपकिरी झाली तर समजायचं की स्नायू विरघळू लागलेत, आणि तिथून किडनीवर बेतायला वेळ लागत नाही. यात दोष लिव्हरचा नसतो. एका डॉक्टरची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिलेली नसते, एवढंच.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे टरफेनाडिन. शिंका, सर्दीसाठी बिनदिक्कत घेतलं जाणारं औषध होतं. गिळल्यावर याच एन्झाइममुळे त्याचं लगेच दुसऱ्या रूपात रूपांतर व्हायचं आणि ॲलर्जीवर काम करायचं ते हे दुसरं रूप. कुणी सोबत किटोकोनॅझोल किंवा एरिथ्रोमायसिन घेतलं की रूपांतर अडायचं, मूळ टरफेनाडिन रक्तात साचायचं आणि हृदयाचे ठोके जीवघेणे अनियमित व्हायचे. १९९८ मध्ये अमेरिकेतून ते मागे घेतलं गेलं. लिव्हरमध्ये तयार होणारं ते दुसरं रूप म्हणजेच आजचं फेक्सोफेनाडिन. वर्गात हे सांगितलं की मुलं पुढचे दोन धडे न सांगता वाचतात.

लिव्हर टॉनिकबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. पाच औषधं कोणत्या वाटेने जातात हे आपल्याला माहीत आहे, सहावं कुठून जाईल ते बाटलीवर लिहिलेलं नसतं. शिवाय ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी असं मुळीच नाही. ग्रीन टीचा घट्ट अर्क भरलेल्या कॅप्सूलनी लिव्हरला इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय साहित्यात चांगली नोंदलेली आहेत.

त्यापेक्षा पॅरासिटामॉलवर लक्ष ठेवा. तुमच्या यादीत ते नाही, पण सर्दीच्या, अंगदुखीच्या अनेक गोळ्यांत ते आधीच मिसळलेलं असतं आणि ताप आला की वरून वेगळंही घेतलं जातं. नेहमीच्या डोसमध्ये त्यातलं बहुतेक लिव्हर सुखरूप बाहेर काढतं. थोडासा भाग नॅपक्वी नावाच्या विषारी पदार्थात बदलतो, आणि त्याला ग्लुटाथिऑन हा लिव्हरमधलाच संरक्षक पदार्थ तिथल्या तिथे निष्प्रभ करतो. डोस बेसुमार झाला की ग्लुटाथिऑनचा साठा संपतो आणि ते विष लिव्हरच्याच पेशी मारायला लागतं. वाईट भाग असा की पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे काही जाणवेलच असं नाही. लिव्हरची खरी अवस्था दोन-तीन दिवसांनी कळते. उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन, पण तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर सगळ्यात चांगला. प्रौढांसाठी दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा. नियमित दारू घेणाऱ्यांनी किंवा वजन फार कमी असलेल्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांनाच विचारावी.

एसजीपीटी ५८ म्हणजे मर्यादेच्या दीडपटही नाही. मधुमेह असलेल्यांत एवढ्या वाढीमागे बहुतेक वेळा फॅटी लिव्हर असतं, गोळ्या नाहीत. स्टॅटिनमुळे (ॲटोर्वास्टॅटिन त्याच गटातलं) थोडा वाढतो कधीकधी, पण मर्यादेच्या तिप्पट आणि तोही परत तपासल्यावर तसाच राहिला तर डॉक्टर औषधाचा फेरविचार करतात. स्टॅटिन घेणाऱ्यांची लिव्हर टेस्ट ठरावीक काळाने करत राहण्याची अट अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१२ मध्येच काढून टाकली. तेव्हा रिपोर्ट बघून ॲटोर्वास्टॅटिन परस्पर बंद करू नका. हार्ट अटॅक टाळण्यासाठी दिलेली गोळी आहे ती.

डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली किंवा उजव्या बरगडीखाली दुखू लागलं तर मात्र पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. जाताना पाचही गोळ्यांची पाकिटं घ्या आणि मधूनमधून कुणाच्या सांगण्यावरून जे काही घेता तेही.