१४-२४ लेन्सचे कोपरे सॉफ्ट येतायत? परत करण्याआधी दूरचा एक दिवा शोधा

नवी १४-२४ मिमी एफ/२.८ झूम लेन्स घेतलीत, १४ मिमीला विटांच्या भिंतीवर तपासलीत, २.८ला, म्हणजे अॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडं असताना, कोपरे सॉफ्ट (धूसर) आले आणि आता लेन्स परत करू का, असं विचारताय. एवढ्यावरून करू नका. पण परतीची मुदत संपायच्या आत एक संध्याकाळ तिला नक्की द्या.

अल्ट्रावाइडची, म्हणजे अशा खूप रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सची, परीक्षा घ्यायला भिंत फार फसवी. १४ मिमीला दीड मीटरवर उभं राहिलं तरी जवळजवळ चार मीटर रुंद भिंत फ्रेममध्ये येते. इतक्या जवळून कॅमेरा जरासा तिरका झाला, की एक बाजू फोकसमधून निसटते आणि दोष लेन्सच्या माथी बसतो.

त्यापेक्षा अंधार पडल्यावर दूरवरचा एखादा बारीक दिवा निवडा. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन (हादरे सावरणारी सोय) बंद, अॅपर्चर २.८. दिवा मधोमध घेऊन, स्क्रीनवर मोठा करून हाताने फोकस लावा आणि मग रिंगला हात लावू नका. आता कॅमेरा वळवत तोच दिवा पाळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणा. चारही ठिकाणी तो सारखाच पसरला, तर तो त्या डिझाइनचा स्वभाव. तीन कोपरे ठीक आणि चौथ्यातच शेपूट फुटली, तर आतली काचांची जुळणी सरकलेली आहे, म्हणजे डीसेंटरिंग. अशी लेन्स बिनदिक्कत परत करा. हेच १८ आणि २४लाही करा. माझ्याकडे आलेली एक लेन्स १४ला निर्दोष होती. २४ला मात्र डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात दिव्याचा स्वल्पविराम व्हायचा.

चारही कोपरे सारखेच सॉफ्ट असतील, तर फोकस थेट कोपऱ्यात लावून बघा. कोपरा शार्प झाला आणि मध्य ढासळला, तर फोकसचं प्रतल वक्र आहे, म्हणजे शार्प दिसणारा भाग सपाट नसून वाकलेला आहे. निसर्गचित्रांना एफ/८वर त्याचा फारसा त्रास होत नाही. ताऱ्यांसाठी मी फोकस मधोमध न लावता मध्यापासून कोपऱ्याकडे साधारण एक तृतीयांशावर लावतो. तरीही ताऱ्यांना पंख फुटत असतील तर तो कोमा, म्हणजे कडेचे प्रकाशबिंदू ताणले जाण्याचा लेन्सचा दोष. एफ/४ला तो बराच आवरतो, पण प्रकाश निम्मा होतो, आणि २.८चे पैसे तर त्यासाठीच मोजलेले असतात. म्हणूनच तारे किंवा अंधारे हॉल तुमच्या कामात नसतील, तर माझ्या मते एफ/४ची हलकी झूम जास्त शहाणपणाची.

काळवंडलेले कोपरे रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये), प्रोफाइल (लेन्सचे दोष आपोआप सुधारणारी सेटिंग) बंद करून बघा. कोपरा दोन स्टॉपने (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) मागे असेल, तर प्रोफाइल तो चौपट उजळवतं आणि नॉइजही (दाणेदारपणाही) तितकाच वर येतो.

फिल्टर वापरत असाल तर तेही आत्ताच बघून घ्या. निकॉनच्या २००७च्या १४-२४ची पुढची काच इतकी फुगीर होती, की फिल्टरला आटेच नव्हते, आणि वजन साधारण एक किलो. २०२०ची झेड (मिररलेस कॅमेऱ्यांसाठीची) आवृत्ती ६५० ग्रॅमची, तिच्या हूडवर (पुढच्या काचेभोवतीच्या आवरणावर) ११२ मिमीचा फिल्टर बसतो. दिवसभर डोंगर चढणाऱ्याला हा फरक कोपऱ्यातल्या शार्पनेसपेक्षा मोठा वाटतो.

२४ मिमीची चाचणी मात्र टाळू नका. तुमच्या वर्णनात सगळे फोटो १४चेच आहेत.